केस थंड होईपर्यंत

रेड कार्पेटवरचा फोटो मोबाइलवर उघडून मुली मला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "ताई, यावर कोणता स्प्रे मारलाय?" स्प्रे हा या कामातला अगदी शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग. टाळूवर उभा राहिलेला पफ, खांद्यावर वळलेल्या मोठाल्या लाटा आणि कॅमेऱ्यांच्या फ्लॅशमध्येही एक केस उडालेला दिसणार नाही अशी चकाकी, हे सगळं एका डोक्यावर जमवणं अवघड असतं, कारण यातल्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. केस फुगवायचे तर ते एकमेकांपासून दूर उभे राहायला हवेत. गुळगुळीत दिसायचे तर एकमेकांना लागून बसायला हवेत. हा पेच सोडवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली गोडी अजून कमी झालेली नाही. हाताला जे कळत गेलं ते सांगते.

१. निम्मं काम न्हाणीघरात होतं

एका मराठी पुरस्कार सोहळ्याच्या दुपारी एक तरुण अभिनेत्री चपचपीत तेल लावलेलं डोकं घेऊन आली. "ताई, शूटिंगनं केस कोरडे झालेत म्हणून आईनं रात्री तेल लावून दिलं." आईचं काही चुकलं नव्हतं. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलेलं आहे. पण केसाला वाचवणारं तेच तेल त्याला जडही करतं, आणि जड केस मुळाशी उभा राहत नाही. त्या दिवशी आम्ही तिचे केस पुन्हा पुन्हा धुतले, तेव्हा कुठे मुळं मोकळी झाली. सोहळ्यासाठी तेल लावायचंच असेल तर तीन-चार दिवस आधी लावा आणि मधे एकदा केस धुऊन घ्या, असं मी आता सगळ्यांना आधीच कळवते.

शाम्पू हलका घ्यावा आणि दोनदा लावावा. कंडिशनर कानाच्या खालच्या केसांनाच, टाळूला अजिबात नको. आणि पाणी कोणतं आहे ते विचारावं. उपनगरातल्या कितीतरी इमारतींना टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मिळतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर थर धरतात, मग कितीही महागडं सीरम लावलं तरी केस निस्तेजच दिसतात. अशा वेळी क्षार काढणारा शाम्पू एकदा वापरला की पुढचं सगळं सोपं जातं.

२. आकार गरम असताना मिळतो, थंड होताना टिकतो

हे मला कुलाब्यातल्या एका पार्लरमध्ये शिकायला मिळालं. चिनी वंशाच्या एका बाई ते चालवायच्या. मुंबईत अशा कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या पार्लरं चालवली आहेत. या बाईंना सगळे आंटी म्हणायचे. रोलर लावून झाले की मला ते कधी एकदा काढते असं व्हायचं. आंटी म्हणायच्या, "हात लाव. गरम लागतंय? मग आधी चहा पिऊन ये."

त्यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून राहतात त्या काही बंधांमुळे. गंधकाचे बंध पक्के असतात. पर्मिंग किंवा कायमचं स्ट्रेटनिंग करणारी रसायनंच त्यांना हात घालू शकतात. हायड्रोजनचे बंध कच्चे असतात. ते पाण्यानं सुटतात, उष्णतेनं सैल होतात, आणि केस कोरडा व थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ब्लो ड्राय, टाँग, रोलर हा आमचा सगळा संसार या कच्च्या बंधांवर उभा आहे. बट गरम असतानाच रोलर काढला तर ते बंध जुळायच्या आतच ती स्वतःच्या वजनानं खाली ओढली जाते. पार्लरमधून छान निघालेले केस घरी पोचेपर्यंत का पडले, असं जे विचारतात त्यांना माझं हेच उत्तर असतं. बहुतेक वेळा कोणाला तरी घाई झालेली असते.

म्हणून ड्रायरवरचं थंड हवेचं बटण मला सगळ्या उत्पादनांपेक्षा मोलाचं वाटतं. प्रत्येक बट ब्रशवर असतानाच तिला थंड हवा द्यायची, निदान दहा सेकंद तरी. टाँगनं वळवलेली बट सरळ सोडायची नाही. ती गोल गुंडाळून चापानं टाळूशी बसवायची आणि मेकअप संपेपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मुंबईत यात आणखी एक अडचण असते. जे बंध पाण्यानं सुटतात ते हवेतल्या ओलाव्यानंही सुटतात. पावसाळ्यात वरळीच्या समुद्राजवळ गाडीतून उतरल्या उतरल्या केस बदलायला लागतात. तेव्हा ग्लिसरीन असलेली क्रीम आणि जेल मी पेटीतच ठेवते, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. ओलाव्याला बाहेर थोपवणारं सिलिकोनचं पातळ आवरण अशा दिवसांत उपयोगी पडतं. दिल्लीच्या जानेवारीत सगळं याच्या उलट असतं. तिथे कोरड्या हवेत केसांत वीज भरते आणि ते उडायला लागतात, म्हणून तिथे थोडं क्रीम लागतंच.

३. हवा मुळाकडून टोकाकडेच

केसाचं बाहेरचं आवरण सूक्ष्म खवल्यांचं असतं. कोकणातल्या घरावरची कौलं जशी वरून खाली एकावर एक बसवलेली असतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे रचलेले असतात. कौलं नीट बसलेली असली की पाणी ओघळून जातं. खवले नीट बसलेले असले की प्रकाश सरळ परावर्तित होतो, आणि त्यालाच आपण चमक म्हणतो. ड्रायरची हवा खालून वर मारली की हे खवले उचकटतात.

तरीही मुळांना उभारी द्यायची तर सुरुवातीला हवा उलटी द्यावीच लागते. मी काम दोन टप्प्यांत करते. आधी मुळांना मूस लावायचा, डोकं खाली झुकवायचं आणि केस वाढीच्या उलट दिशेनं हातानंच वाळवायचे, साधारण ऐंशी टक्के कोरडे होईपर्यंत. या टप्प्यात ब्रश नको. मग डोकं वर घेऊन केसांचे भाग पाडायचे, ड्रायरला चपटं नॉझल लावायचं आणि गोल ब्रशवर प्रत्येक बट ताणून हवा मुळाकडून टोकाकडे द्यायची. पहिल्या टप्प्यात उभारी येते, दुसऱ्यात चमक. घाईत नॉझल काढून काम करणाऱ्या मुलींना मी लगेच थांबवते.

बट ताणताना ती वर आणि जरा पुढे, कपाळाच्या बाजूला धरायची. ज्या बाजूला ती शेवटी पडणार आहे त्याच्या विरुद्ध दिशेला मूळ वाळलं, तरच ते उभं राहतं.

४. रोलरपेक्षा बट रुंद नको

कपाळापासून टाळूपर्यंतचा मधला पट्टा, साधारण दोन्ही भुवयांच्या कमानींमधल्या अंतराएवढा, हा सगळ्यात महत्त्वाचा. इथे सर्वांत मोठे रोलर लागतात. बट रोलरच्या व्यासाएवढीच रुंद घ्यायची आणि पुढे ओढून गुंडाळायची, म्हणजे रोलर स्वतःच्या मुळांवर बसतो. बट रुंद घेतली तर रोलर मागे घसरतो आणि मुळाशी सपाट जागा राहते. फोटोत ती जागा भांगासारखी उघडी दिसते. बाजूंना रोलर लहान आणि खाली झुकलेले, कारण कानाजवळ रुंदी वाढली की चेहरा फुगलेला दिसतो.

१९९१ च्या ऑस्करला सिंडी क्रॉफर्ड लाल व्हर्साचे गाऊन घालून आली होती. तो फोटो आजही मुली मला दाखवतात. त्यातले केस साधे वाटतात, आणि तेच त्यांचं कसब आहे. उंची सगळी मुळाशी, चेहऱ्याच्या कडेनं येणारी बट मागे वळलेली, टोकं मऊ. मला स्वतःला हा प्रकार घट्ट हॉलिवुड लाटांपेक्षा अधिक आवडतो. लाटा बघताना केशरचना दिसते. इथे बाई दिसते.

५. पफ आतून बांधायचा, वरून झाकायचा

सुरुवातीला सांगितलेला पेच इथे सुटतो. आतले केस खडबडीत ठेवायचे, वरचे गुळगुळीत. एवढी विभागणी जमली की दोन्ही मागण्या पुऱ्या होतात.

१९६० च्या दशकातल्या बायकांना हे पक्कं माहीत होतं. अमेरिकेत मार्गारेट विन्सी हेल्ट या केशभूषाकार बाईंनी १९६० साली एका व्यावसायिक मासिकासाठी 'बीहाइव्ह' ही उंच केशरचना घडवली आणि पुढची काही वर्षं जगभर केस उंच गेले. आपल्याकडे 'ॲन इव्हिनिंग इन पॅरिस'मधली १९६७ ची शर्मिला टागोर आठवा. तो डौल उलट्या विंचरणीवर उभा होता. तेव्हा स्प्रेचा थर देऊन ते केस कित्येक दिवस तसेच राखले जायचे. आजच्या कॅमेऱ्याला तो थर कडक आणि मेलेला दिसतो, म्हणून तंत्र तेच ठेवून हात हलका करावा लागतो.

टाळूवरचा अगदी वरचा पातळ थर पुढे घेऊन चापानं बाजूला ठेवा. त्याला उलटा कंगवा कधीही लावायचा नाही. त्याखालच्या बटा एकेक करून सरळ वर धरा, मुळाशी थोडा स्प्रे द्या आणि मऊ दातांच्या टीझिंग ब्रशनं मुळाकडे तीनदा दाबा. चौथ्यांदा नको. अशी तयार होणारी गादी मुळापासून चार-पाच सेंटीमीटरपर्यंतच असावी, त्यावरचा केस सरळ. मग बाजूला ठेवलेला थर तिच्यावर आणून फक्त पृष्ठभागावरून ब्रश फिरवा.

नाजूक केसांना मी उलटं विंचरण्याऐवजी मुळाशी क्रिंपिंग करते. आतल्या बटांच्या पहिल्या पाच सेंटीमीटरला बारीक नागमोडी वळणं दिली की केस एकमेकांना टेकू देतात, गुंता होत नाही आणि उभारी रात्रभर राहते. मोठा अंबाडा असेल तर जाळीचं स्टफिंग घालायला काहीच हरकत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गंगावन लावून खोपे घातलेच की.

६. उंची कुठे हवी ते चेहरा सांगतो

हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकावरून तिरकी रेघ मागे न्या. ती डोक्याला जिथे भेटते तिथे पफचं शिखर असावं. त्याच्या पुढे आलं तर कपाळ दबतं, मागे गेलं तर समोरच्या फोटोत दिसतच नाही. गोल चेहऱ्याला ही उंची मिळाली की मान लांब वाटते. आधीच लांब असलेल्या चेहऱ्याला वरची उंची कमी करून गालांच्या पातळीवर रुंदी द्यावी. हे सगळं आरशात बाजूनं बघूनच ठरवायचं. समोरून बघत राहिलं की डोळा फसतो.

७. गंगावनाची दिशा तपासा

रेड कार्पेटवरच्या भरगच्च केसांत बहुतेकदा एक्स्टेन्शनचा वाटा असतो. त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या भाषेत या वस्तूला शब्दही जुना आहे. मला एवढंच सांगायचंय की चांगलं गंगावन आणि वाईट गंगावन यांतला फरक खवल्यांच्या दिशेत असतो. डोक्यावरून एकदम उतरवलेल्या केसांत सगळ्यांची मुळं एका बाजूला राहतात, म्हणून ते गुंतत नाहीत. तिरुमला देवस्थान भक्तांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव करतं, आणि जगभरच्या एक्स्टेन्शनच्या बाजारात अशा केसांना मान आहे तो याचसाठी. गोळा केलेल्या गळत्या केसांत दिशा उलटसुलट होते. असं गंगावन आम्लात धुऊन, वर सिलिकोन लावून विकतात. दोन-चार वेळा धुतलं की ते खरं रूप दाखवतं. घेताना बट दोन बोटांत धरून खालून वर बोट फिरवा. खालून वर खरखर आणि वरून खाली गुळगुळीत लागली तर माल चांगला.

परदेशातल्या सोहळ्याचे फोटो बघताना मला हटकून वाटतं, त्या डोक्यांवरचे काही केस कुठल्यातरी आंध्रातल्या, तमिळनाडूतल्या बाईनं नवस फेडताना दिलेले असतील. तिच्याविषयीचा आदर म्हणून तरी ते केस जाळू नयेत.

८. आकडा बघून टाँग लावा

बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश पुरतात, मध्यम केसांना १८०, आणि अगदी जाड केसांनाही २०० च्या पुढे जायची गरज पडत नाही. ओल्या केसावर टाँग किंवा इस्त्री कधीच नको. आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो.

९. मेकअपवाल्यांशी आधी बोला

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कित्येक दशकं रिवाज असा होता की रंगभूषा पुरुषांनी करायची आणि केस बायकांनी. संघटनेचे नियमही तसेच होते. चारू खुराना यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१४ मध्ये ही बंदी घटनेविरुद्ध ठरवली. त्या निकालाचं मोल मला रोज जाणवतं. माझ्याकडे शिकलेल्या मुली आता दोन्ही कामं करतात, आणि चेहरा व केस एकाच नजरेनं बघायची सवय त्यांना लागली आहे. भुवया जड रंगवल्या असतील तर कपाळावरची बट हलकी हवी. कानातले झुमके मोठे असतील तर कान मोकळा हवा. हे सोहळ्याच्या दुपारी ठरवून चालत नाही. कपडे, दागिने, मेकअप आणि केस यांची आदल्या दिवशी एकत्र चर्चा व्हावी. ब्लाउज किंवा गाऊन डोक्यावरून घालायचा आहे की मागून चेन आहे, एवढं जरी विचारलं तरी संध्याकाळ वाचते.

१०. स्प्रे हात लांब करून

आता तो स्प्रे. डबा केसांपासून पंचवीस-तीस सेंटीमीटर लांब धरायचा, पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. जवळून मारला की थेंब पडतात आणि फ्लॅशमध्ये ते पांढरे दिसतात. कपाळावरचे आणि भांगाजवळचे उडणारे बारीक केस बसवायला स्प्रे थेट मारू नका. मस्काऱ्याच्या स्वच्छ ब्रशवर घ्या आणि हलकेच फिरवा. सीरमचे दोन थेंब तळहातांना चोळून फक्त खालच्या निम्म्या केसांना. मुळाशी गेलं की आधीची सगळी मेहनत वाया.

मोत्यांचे दागिने स्प्रे वाळल्यावरच घालायचे, कारण त्याच्या थरानं मोत्याचं पाणी जातं. पैठणीच्या पदरावर ओढणी किंवा टॉवेल टाकून घ्यावा. आणि एक गोष्ट मी नवरीच्या घरी प्रत्येकाला बजावते: स्प्रे पेट घेतो. तो पूर्ण वाळल्याशिवाय औक्षणाचं निरांजन चेहऱ्याजवळ आणू देऊ नका.

सगळं झाल्यावर खोलीतले दिवे कमी करून मोबाइलच्या फ्लॅशनं चारी बाजूंनी फोटो काढा. मागूनही. कान चित्रपट महोत्सवात तर लाल गालिचा २४ पायऱ्या चढून जातो, आणि छायाचित्रकारांना कितीतरी वेळ पाठच दिसत असते.

११. गाडीत मान टेकवायची नाही

वांद्रे-कुर्ला संकुलात पोचायला अंधेरीहून दीड तास लागू शकतो. तेवढ्यात सीटच्या उशीला डोकं टेकलं की टाळूमागचा भाग सपाट होतो, आणि तिथे पुन्हा उभारी आणायला गाडीत ना आरसा असतो ना जागा. मी मधल्या पट्ट्यातले शेवटचे रोलर काढतच नाही. ते लावूनच अभिनेत्रीला गाडीत बसवते, सहायक मुलगी सोबत जाते आणि उतरायच्या पाच मिनिटं आधी रोलर सोडते. मानेमागे रेशमी स्कार्फची घडी ठेवायची आणि एसीचा झोत चेहऱ्यावरून वळवायचा. पहिल्यांदा नायिका झालेल्या मुली लाजतात, काचेतून कोणी रोलर बघेल म्हणून. मी त्यांना सांगते, "काचा काळ्या आहेत, तू पाणी पी आणि निवांत बस."

सहायकेच्या पर्समध्ये काय असावं? शेपटीचा कंगवा, केसांच्या रंगाच्या बॉबी पिना, आकडे, छोटा स्प्रे. एवढंच.

१२. सोडवणंही आपलंच काम

रात्री दोन वाजता थकून आलेली बाई त्याच केसांवर झोपते आणि सकाळी गुंता ओढत बसते. तुटलेल्या केसांची जी तक्रार ऐकू येते, ती बहुतेकदा या सकाळची असते. म्हणून माझी सहायक तिथेच थांबते, किंवा मी घरच्या कोणाला तरी दाखवून ठेवते. आधी सगळे आकडे आणि पिना मोजून काढायच्या, घालताना मोजलेल्या असतातच. मग एक्स्टेन्शन, खालून वरच्या क्रमानं. मग उलट्या विंचरलेल्या गादीवर खोबरेल तेल किंवा कंडिशनर चोळायचा आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे सरकायचं. गुंता पूर्ण सुटल्यावरच डोक्यावर पाणी घ्यायचं. आधी पाणी घेतलं तर गाठी आवळतात, आणि ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जाऊन तुटतो. रात्री केस धुवायची ताकद नसेल तर सैल वेणी घालून झोपावं आणि शाम्पू सकाळी करावा.